एक शब्द, तीन भाषा : रेफ्यूजी

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली… आपल्या उपनगरांत कुठंही मान वर करा, टॉवरच टॉवर! अशा एखाद्या टॉवरमध्ये मधल्याच एका मजल्यावर मोकळी, रिकामी जागा पाहिली आहे का तुम्ही? ना फ्लॅट, ना दुकान. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नुसतं लिहिलेलं असतं : ‘रेफ्यूज एरिया’. सुट्टीत मुलं तिथं क्रिकेट खेळतात आणि वॉचमनकाका ओरडतात. काकांचं बरोबर आहे, बरं का! इमारतीला आग लागली, तर रहिवाशांनी धावत येऊन थांबायची ती जागा. अग्निशमन दल येईपर्यंत तिथं मोकळी हवा मिळते, जीव सुरक्षित राहतो. म्हणून ती कायम रिकामी ठेवायची असते.

म्हणजे ‘रेफ्यूज’चा अर्थ काय झाला? संकटातून पळून जिथं जायचं ती जागा. आसरा! आणि असा आसरा शोधत येणारा माणूस म्हणजे ‘रेफ्यूजी’. हाच आपला या आठवड्याचा शब्द.

दर वेळी आपण एक इंग्रजी शब्द घेतो, त्याला मराठीच्या घरी आणतो आणि भारतातल्या आणखी एका भाषेला पाहुणी म्हणून बोलावतो. आजची पाहुणी आहे पंजाबी. तिला का बोलावलं, ते पुढं कळेलच. आधी नेहमीची चौकट पाहू.

शब्दाची चौकट

शब्द : रेफ्यूजी
स्पेलिंग : आर-ई-एफ-यू-जी-ई-ई (शेवटी दोन ‘ई’ विसरू नका!)
प्रकार : नाम, अनेकवचन ‘रेफ्यूजीज’
मराठी : निर्वासित, शरणार्थी
पंजाबी : शरनार्थी, पनाहगीर, बोलण्यात ‘रिफूजी’
जवळचा शब्द : रेफ्यूज, म्हणजे आसरा. पंजाबीत ‘पनाह’. गंमत म्हणजे ‘आसरा’ हा शब्दही पंजाबीत आहे!

आधी कान, मग जीभ

हा शब्द उच्चारताना जोर शेवटच्या ‘जी’वर द्यायचा. रेफ्यु-जी! शेवटी दोन ‘ई’ असलेले असे बरेच शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ‘एम्प्लॉयी’ म्हणजे कामावर ठेवलेला, ‘ट्रेनी’ म्हणजे ज्याला शिकवलं जातं तो, ‘एक्झॅमिनी’ म्हणजे ज्याची परीक्षा घेतली जाते तो (बिचारा!). या सगळ्यांत काहीतरी करणारा दुसराच कुणी असतो आणि ते ज्याच्या वाट्याला येतं, तो हा. पण ‘ॲब्सेंटी’ म्हणजे गैरहजर राहिलेला. तो स्वतःच गैरहजर राहतो. ‘रेफ्यूजी’ही तसाच. तो स्वतः पळून येतो. पण मौजेनं का कुणी पळतं? पळायची वेळ त्याच्यावर दुसऱ्यांनी आणलेली असते.

आणखी एक सावधगिरी. ‘रेफ्यूज’मधल्या ‘जी’च्या जागी ‘एस’ लिहिलात, तर शब्द होतो ‘रिफ्यूझ’, म्हणजे नाकारणे. आणि तेच स्पेलिंग ‘रेफ्यूस’ असं वाचलं, तर अर्थ होतो केरकचरा! टॉवरची पाटी रंगवताना पेंटरनं एवढी एक चूक केली, तर आसऱ्याच्या जागेची कचऱ्याची जागा व्हायची. एका अक्षरात केवढं अंतर!

शब्दाचं जन्मगाव

लॅटिन भाषेत ‘फुगेरे’ म्हणजे पळणे. त्यातूनच इंग्रजीत ‘फ्युजिटिव्ह’ आला. फ्युजिटिव्ह म्हणजे फरारी. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘सेंट्रिफ्यूगल’ हाही त्याच घरातला. मधल्या बिंदूपासून बाहेर पळू पाहणारा, असा त्याचा अर्थ. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपडे गरगर फिरतात आणि पाणी भोकांतून बाहेर पळतं, ते आठवा म्हणजे हा शब्द विसरणार नाही.

‘रेफ्यूजी’ इंग्रजीत आला तो फ्रान्समधून. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानं एक जुना हुकूम रद्द केला. त्या हुकुमामुळं तिथल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना आपल्या पद्धतीनं उपासना करता येत होती. हुकूम गेला, छळ सुरू झाला. ह्यूगेनॉट म्हणून ओळखले जाणारे हे लोक घरंदारं सोडून हॉलंड, इंग्लंड, जर्मनीकडं पळाले. त्यांत कसलेले विणकर होते, घड्याळं बनवणारे होते. इंग्रजांनी सुरुवातीला ‘रेफ्यूजी’ म्हटलं ते यांनाच. पुढं जगात जिथं जिथं असं घडलं, तिथं तिथं हा शब्द जाऊन पोचला.

मराठीत आल्यावर

मराठीत आपण म्हणतो ‘निर्वासित’. शब्द फोडून पाहा : निर् अधिक वास. इथला वास नाकाचा नव्हे हं, राहण्याचा! निवास, रहिवासी, वसतिगृह, वनवास या शब्दांत आहे तोच. निर्वासित म्हणजे ज्याचा वास मोडला, ज्याला राहत्या जागेतून बाहेर काढलं, तो.

दुसरा शब्द ‘शरणार्थी’. शरण अधिक अर्थी. ‘अर्थी’ म्हणजे मागणारा, इच्छा धरणारा. आता एक गंमत करा. आरशात पाहा आणि स्वतःला काय म्हणतात ते आठवा. विद्यार्थी! विद्या मागणारा तो विद्यार्थी, परीक्षेला बसणारा परीक्षार्थी आणि आसरा मागणारा तो शरणार्थी. तुम्ही आणि तो, दोघं एकाच प्रत्ययाची भावंडं.

पण मराठीत ‘शरण’ शब्दाला एक बोच आहे. ‘शत्रू शरण आला’ म्हटलं की हार मानली असा अर्थ होतो. म्हणून शरणार्थी म्हणताना उगीचच मान खाली गेल्यासारखी वाटते. पण सगळीकडं तसं नाही. सोलापूरकडच्या लिंगायत घरांत माणसं भेटली की ‘शरणु शरणार्थी’ म्हणून एकमेकांना नमस्कार करतात. तिथं या शब्दात हार नाही, नम्रता आहे. एकच शब्द, पण तो कुठल्या दारातून आत येतो यावर त्याचं वजन ठरतं.

आता हे तीन शब्द शेजारी ठेवा. माणूस तोच आहे, पण इंग्रजी शब्दानं त्याचं पळणं पाहिलं, ‘निर्वासित’नं त्याचं मोडलेलं घर पाहिलं आणि ‘शरणार्थी’नं त्याचा पुढं केलेला हात पाहिला. तीन बाजूंनी काढलेले तीन फोटोच जणू!

पंजाबीत गेल्यावर

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी त्याची फाळणी झाली. पंजाब प्रांताचे तर मधोमध दोन तुकडे झाले. फाळणीला पंजाबीत ‘वंड’ म्हणतात. वंड म्हणजे वाटणी. पण घरातली म्हातारी माणसं त्या दिवसांना ‘रौले’ म्हणत. रौला म्हणजे गोंधळ, आरडाओरडा. आणखी एक शब्द आहे, ‘उजाड़ा’. हा तर आपल्याला न सांगताच कळतो. वसलेलं गाव उजाड होणं, तोच उजाड़ा.

दोन्ही बाजूंची मिळून सव्वा ते दीड कोटी माणसं तेव्हा घर सोडून निघाली. कुणी रेल्वेनं, कुणी बैलगाडीनं, कुणी पायी. लाखो माणसं वाटेतच मारली गेली. सिंधमधली पुष्कळ कुटुंबं कराचीहून बोटीनं मुंबई बंदरात उतरली. पंजाबातलीही अनेक कुटुंबं मुंबईत आली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, तिथं त्यांची सोय झाली. सैनिकांसाठीचं कल्याण कॅम्प असंच सिंधी निर्वासितांनी भरून गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचं नाव उल्हासनगर ठेवण्यात आलं. आजही तिथं पत्ता सांगताना माणसं ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. तिथं कुणी तंबूत राहत नाही, पण शब्द मात्र तंबू ठोकून बसला आहे! चेंबूरचा ‘चेंबूर कॅम्प’ही तसाच.

मुलुंडला राहणाऱ्यांनी मुलुंड कॉलनी पाहिली असेल. तिथंही फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या कुटुंबांची वस्ती झाली. तिथल्या रस्त्याचं नाव आहे गुरू गोविंदसिंग मार्ग. आणि त्यांच्या वडिलांचं नाव हार्बर लाइनवर सापडतं : गुरू तेगबहादूर नगर. या स्टेशनाचं जुनं नाव कोळीवाडा. शीव कोळीवाड्याच्या या भागात पंजाबी निर्वासितांची मोठी वसाहत झाली. हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘प्रॉन्स कोळीवाडा’ असतं ना, ते इथल्याच पंजाबी खानावळींतून निघालं असं सांगतात. म्हणजे गाव कोळ्यांचं, कोळंबी समुद्राची आणि मसाला पंजाबचा. चव मात्र अस्सल मुंबईची!

स्टेशनाच्या नावातही एक गोष्ट दडली आहे. शीख परंपरा सांगते की, १६७५ साली काश्मिरातले पंडित गुरू तेगबहादूर यांच्याकडं रक्षणाची याचना करत आले. गुरूंनी त्यांना पाठ दाखवली नाही. त्यापायी त्याच वर्षी दिल्लीत त्यांना प्राण द्यावे लागले. म्हणून पंजाबीत ‘शरन’ शब्दाला मान आहे. शरन मागणं म्हणजे हरणं नव्हे आणि शरन देणं हे तर मोठंच काम.

असं असूनही फाळणीत आलेल्या पुष्कळ लोकांना ‘शरणार्थी’ हे नाव नको होतं. का बरं? ते म्हणत, आम्ही हात पसरायला आलो नाही. काम द्या, आम्ही उभे राहू. उत्तर भारतात त्यांनी स्वतःसाठी दुसरा शब्द निवडला : ‘पुरुषार्थी’. म्हणजे स्वतःच्या कष्टांवर उभा राहणारा. बघा हं, ‘अर्थी’ तसाच राहिला, फक्त पुढचा शब्द बदलला, आणि खाली झुकलेली मान ताठ झाली.

सरकारनं कागदोपत्री तिसराच शब्द वापरला : ‘डिस्प्लेस्ड पर्सन’. जागेवरून हललेला माणूस, म्हणजेच विस्थापित. १९५४ साली नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा जो कायदा झाला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. सरकारी शब्द कोरडे असतात खरे, पण हा कुणाला टोचत तरी नाही.

कोल्हापुरातलं पोलंड

तुम्हांला वाटेल, निर्वासित म्हणजे फाळणीचेच. पण त्याच्याही आधी महाराष्ट्रात एक परदेशी गाव वसलं होतं! दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडचा पूर्वेकडचा भाग बळकावला आणि लाखो पोलिश माणसांना सैबेरियासारख्या दूरच्या, गोठवणाऱ्या प्रदेशांत धाडून दिलं. पुढं सुटका झाल्यावर त्यांतले काही जण इराणमार्गे भारतात आले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. बर्फाच्या देशातली मुलं पंचगंगेच्या काठच्या गावात पोलिश भाषेतून धडे गिरवत होती.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत कोण आलं असेल? फाळणीतले सिंधी निर्वासित! त्या वसाहतीचं नाव झालं गांधीनगर. आज कोल्हापूरकर कापड खरेदीला जातात, ती ही मोठी बाजारपेठ. जिथं एकेकाळी धान्यसुद्धा मोजून मिळत होतं, तिथं आता कापडाचे तागे मोजून दिले जातात.

पोलंड कोल्हापूरला विसरलं नाही. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान पोलंडला गेले, तेव्हा त्यांनी तिथं जाऊन आदरांजली वाहिली. आसरा देणारा विसरला तरी घेणारा विसरत नाही, तो असा.

पाच पैशांचं तिकीट

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांनो, आता कान टवकारा! १९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भयंकर अत्याचार सुरू झाले. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांच्या मदतीसाठी पैसा उभा करायचा होता. तेव्हा सरकारनं ठरवलं की पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावायचं. त्यावर इंग्रजीत ‘रेफ्यूजी रिलीफ’ असं छापलेलं असे आणि हिंदीत ‘शरणार्थी सहायता’. १९७३ च्या मार्चपर्यंत हे चालू होतं. विचार करा, बोरिवलीहून मावशीला पाठवलेल्या साध्या पत्रातूनसुद्धा पाच पैसे कुणाच्या तरी भाकरीसाठी जात होते. आजोबांच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात हे तिकीट सापडतं का पाहा. सापडलं तर ओरबाडून काढू नका. पाकिटासकट जपून ठेवा.

कुठं वापरायचा, कुठं नाही?

आता खरा इंग्रजीचा तास! चार शब्दांत नेहमी गफलत होते.

रेफ्यूजी : छळाच्या किंवा युद्धाच्या भीतीनं आपला देश सोडून दुसऱ्या देशात आलेला. १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं झालेल्या करारात याची व्याख्या आहे. आपला देश सोडून आलेला असणं हे त्यातलं महत्त्वाचं कलम. भारतानं या करारावर सही केलेली नाही, तरीही भारतात तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ निर्वासित अनेक वर्षं राहत आले आहेत.

मायग्रंट : काम, शिक्षण किंवा चांगल्या दिवसांसाठी एका ठिकाणाहून दुसरीकडं गेलेला, म्हणजे स्थलांतरित. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मायग्रंट. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईहून नाशिकच्या रस्त्यानं पायी गावाकडं निघालेले कामगार, तेही मायग्रंट.

इव्हॅक्युई : पूर, वादळ, आग अशा संकटात सुरक्षित जागी हलवलेला. संकट टळलं की तो घरी परततो.

डिस्प्लेस्ड : विस्थापित. घर गेलं, पण देश तोच. सातारा जिल्ह्यात कोयना धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. ती माणसं रेफ्यूजी नव्हेत, विस्थापित. मराठीनं त्यांच्यासाठी खास शब्द घडवला : ‘धरणग्रस्त’. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, ग्रहणात चंद्र ग्रासला जातो तसा.

आणि ‘रेफ्यूज’ हा शब्द वापरायला तर निर्वासित असावंच लागत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत प्रलय झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. घरी पोचू न शकलेल्या कितीतरी लोकांनी रात्रभर मिळेल तिथं आसरा घेतला. अशा वेळी इंग्रजीत म्हणायचं, ‘दे टुक रेफ्यूज इन अ स्कूल.’ पंजाबीत, ‘उन्हां ने स्कूल विच पनाह लई.’ मराठीत, ‘त्यांनी शाळेत आसरा घेतला.’ त्यांनी आसरा घेतला, पण ते रेफ्यूजी झाले नाहीत. सकाळी चिखल तुडवत घरी गेले.

योगायोग पाहा, त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेत कॅटरिना नावाचं चक्रीवादळ आलं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं. तिथली वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले घर सोडलेल्यांना ‘रेफ्यूजीज’ म्हणू लागले. त्यावर पुष्कळ लोक संतापले. ‘आम्ही याच देशाचे नागरिक आहोत, आमच्याच देशात आम्हांला परके का ठरवता?’ असा त्यांचा सवाल होता. मग काही वर्तमानपत्रांनी तो शब्द सोडला आणि ‘इव्हॅक्युई’ लिहायला सुरुवात केली. पुरात सगळं गमावलेली माणसं एका शब्दासाठी भांडली! कारण घर गेलं तरी माणसाकडं नाव उरतं आणि ते तरी नीट घ्यावं, एवढीच त्याची मागणी असते.

‘होता’ की ‘आहे’?

आता या आठवड्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती व्याकरणाचीच आहे, पण परीक्षेपुरती नाही.

पंजाबीतलं हे वाक्य मोठ्यानं वाचा : ‘ओह शरनार्थी बण के आए सन.’ म्हणजे, ‘ते निर्वासित म्हणून आले होते.’ शेवटचा इवलासा ‘सन’ पाहिलात? ‘सन’ म्हणजे ‘होते’. इंग्रजीत म्हणायचं, ‘दे केम ॲज रेफ्यूजीज.’ इथं ‘केम ॲज’ महत्त्वाचं. म्हणजे आले तेव्हा ते तसे होते. त्यानंतर कुणी दुकान काढलं, कुणी गॅरेज, कुणी शाळा. मुलं झाली, नातवंडं झाली. नातवंडं तुमच्याच वर्गात बसतात, तुमच्याच डब्यातलं खातात, लोकल चुकली की तुमच्याइतकंच अस्सल मुंबईकर भाषेत चिडतात.

त्या नातवाला खेळाच्या भांडणात ‘ए रिफूजी!’ म्हणून हाक मारली तर? वाक्यातला काळ चुकला. आणि नुसता काळच चुकला असं नाही. त्याच्या पणजोबांवर आलेली सर्वांत वाईट वेळ उचलून आपण त्याचं नाव करून टाकलं. ‘रेफ्यूजी’ हे कुणाचं आडनाव नाही, जात नाही, स्वभाव नाही. ती माणसावर आलेली वेळ आहे. वेळ जाते. शब्द तेवढा चिकटून राहतो, कारण आपण त्याला सोडत नाही. तापातून उठलेल्याला आपण जन्मभर ‘तापकरी’ म्हणतो का?

मग हा शब्द वापरायचाच नाही का? वापरायचा, जरूर वापरायचा! ज्याच्यावर आज ती वेळ आली आहे, त्याच्यासाठी तो मोलाचा आहे. त्या एका शब्दावर त्याला तंबू, औषध, धान्य, शाळा मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त माणसं जबरदस्तीनं घराबाहेर पडलेली होती. त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्याच देशात विस्थापित होती. दर वर्षी २० जून हा जागतिक निर्वासित दिन म्हणून पाळतात, तो या सगळ्यांची आठवण राहावी म्हणून. अशा माणसासाठी ‘रेफ्यूजी’ म्हणजे टॉवरमधल्या त्या पाटीसारखा : इथं या, इथं तुम्ही सुरक्षित आहात. तोच शब्द हाक म्हणून फेकला, की त्याची पाटी राहत नाही, दगड होतो.

लक्षात ठेवायला सोपा नियम : ‘रेफ्यूजी’ शब्द मदतीसाठी वापरायचा, आठवण सांगण्यासाठी वापरायचा. हाक मारण्यासाठी मात्र माणसाला नाव असतं. ते वापरायचं!

करून पाहा

१. रिकाम्या जागी रेफ्यूजी, मायग्रंट, इव्हॅक्युई, रेफ्यूज यांपैकी योग्य शब्द भरा.
(अ) आग लागल्यावर रहिवासी ____ एरियात जमले.
(आ) चक्रीवादळ येणार म्हणून किनाऱ्यावरच्या गावातून शाळेत आणलेले लोक ____ होत.
(इ) कामासाठी रत्नागिरीहून मुंबईला आलेला गिरणी कामगार ____ होता.
(ई) १९४३ साली वळिवड्याला आलेली पोलिश मुलं ____ होती.

२. शेवटी ‘अर्थी’ असलेले आणखी तीन मराठी शब्द शोधा.

३. तुमच्या वर्गात किंवा सोसायटीत पंजाबी बोलणारं कुणी असेल, तर ‘आमचं घर तिथंच राहिलं’ याचं पंजाबी त्यांच्याकडून ऐका आणि ‘साडा घर ओथे रह गया’ याच्याशी ताडून पाहा. ऐकताना घाई करू नका. या एका वाक्यामागं कधी कधी मोठी गोष्ट असते.

पालकांसाठी दोन शब्द

मुंबईच्या उपनगरांत बहुतेक प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. कुणी कोकणातून, कुणी घाटावरून, कुणी लाहोर-कराचीहून. आपलं घर इथं कधी आलं, का आलं, येताना काय मागं राहिलं, हे या रविवारी मुलांना सांगा. पंधरा मिनिटं पुरतील. वर्गातल्या दुसऱ्याचं घर कुठून आलं, हे मग त्यांना हसण्यासारखं वाटणार नाही.

(पहिल्या प्रश्नाची उत्तरं, आधी सोडवा, मग बघा : अ – रेफ्यूज, आ – इव्हॅक्युई, इ – मायग्रंट, ई – रेफ्यूजी.)

पुढच्या आठवड्याचा शब्द आहे ‘प्लॅटफॉर्म’ आणि पाहुणी भाषा कानडी. तोवर दादर-मुलुंड गाडी पकडताना त्याचा अर्थ शोधून ठेवा!

तुमचा,
शब्दमामा